राणोजीचा जबाब

कदिरवेल सलूनमध्ये शिरला आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसला.

मे महिना होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. राणोजीनं नुकतीच एकाची दाढी उरकली होती आणि तो कापड झटकत होता. ते कापड तसंच त्याच्या हातात लोंबकळत राहिलं. बाकड्यावर गावातली तीन माणसं पेपर वाचत बसली होती.

चेन्नईजवळच्या या वेळ्ळिपाक्कमचे दोन भाग. देवळाभोवतीची सवर्णांची वस्ती तो ऊर, आणि तळ्यापलीकडची ती कॉलनी. कॉलनीतल्या दलितांचे केस या दुकानात कधी कापले गेले नव्हते. तशी पाटी लावलेली नव्हती. लावायची गरजच नव्हती.

"केस बारीक कर," कदिरवेल आरशात बघत म्हणाला. "रविवारी साखरपुडा आहे माझा."

गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात तो लेथवर होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नावाचा बिल्ला.

"गुम्मिडिपूंडीत मोठी सलूनं आहेत," राणोजी हळू आवाजात म्हणाला. "तिकडं जा की."

"माझ्या गावात सलून असताना?"

"इथं होत नाही. तुला ठाऊक आहे."

"का होत नाही ते सांग. मग उठतो."

बाकड्यावरचा एक पेपर खाली आला. त्यामागं सेल्वम होता, पेरियवरांचा पुतण्या. पेरियवर म्हणजे ऊरातला मोठा माणूस. देवळाचा कारभार त्यांच्याकडं, भातशेती त्यांची, राणोजीच्या दुकानाची खोलीसुद्धा त्यांचीच. सेल्वम उठला. त्यानं कदिरवेलची कॉलर धरली आणि त्याला खुर्चीवरून ओढलं. कदिरवेलचं तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. निळ्या शर्टावर रक्त ओघळलं. बाकीच्या दोघांनी त्याला पायरीवरून खाली ढकललं.

राणोजी भिंतीला पाठ लावून उभा होता.

"खुर्ची धू," सेल्वम म्हणाला.

राणोजीनं बादली भरली. आधी बैठक धुतली, मग पाठ, मग हात. पाणी पायरीवरून रस्त्यावर वाहत गेलं. समोर कडुनिंबाखाली कदिरवेल ओठाला रुमाल लावून उभा होता. राणोजी धूत होता तोवर तो हलला नाही.

संध्याकाळी संयुक्ता कामावरून आली ती तडक चूल पेटवायला बसली. राणोजीची ही एकुलती मुलगी. गुम्मिडिपूंडीच्याच औद्योगिक वसाहतीत ती वायरी जोडायच्या कारखान्यात जायची, आणि कदिरवेल ज्या बसनं जायचा त्याच बसनं जायची.

घरात ही माणसं मराठी बोलत. तंजावरच्या राजांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज आले, असं राणोजीचा बाप सांगायचा. फौजेलाही न्हावी लागतोच. ती मराठी आता अर्धी तमिळ झाली होती, पण चुलीपाशी टिकून होती.

"अप्पा," संयुक्ता पाठमोरीच म्हणाली, "खुर्ची काय म्हणून धुतलांत?"

"धू म्हणाले. धुतलों."

"आणि तो पडला तेव्हां?"

"तेव्हां मी काय करूं? सेल्वमचा हात धरूं?"

"पोदुम, पुरे आतां," तिची आई सीतालक्ष्मी मध्ये पडली. "अप्पाला जेवूं दे."

संयुक्ता उठून अंगणात गेली. जेवायला आली नाही.

कदिरवेल पोलीस ठाण्यात गेला. तक्रार घेईनात. मग तो चेन्नईला गेला, लॉ कॉलेजातल्या हेमावतीबाईंकडं. नागरी हक्कांचा कायदा शिकवणाऱ्या या बाई. पन्नाशी उलटलेली, अंगानं जड, दमेकरी. कॉलेज सुटलं की विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावोगाव फिरत. कुठल्या चहाच्या टपरीवर दलितांचा पेला वेगळा ठेवतात, कुठल्या वाटेवरून त्यांचं प्रेत नेऊ देत नाहीत, हे स्वतः उभं राहून पाहत. त्यांनी या भागातल्या दोन गावांविरुद्ध केस लढवल्या होत्या. त्या कदिरवेलबरोबर ठाण्यात आल्या आणि तक्रार लिहून होईपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत.

तक्रार लिहिली गेली, पण त्यात नाव एकट्या राणोजीचं होतं. न्हाव्यानं केस कापायला नकार दिला, एवढंच. मारहाण नाही, सेल्वम नाही. राणोजीला पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी पेरियवरांनी जामीन देऊन त्याला आणलं, आपल्या ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि ताक पाजलं.

"नाव तुझं एकट्याचं आहे, ते तसंच राहू दे," ते म्हणाले. "वकील आम्ही देतो. तू फक्त गप्प राहा. गप्प राहणं तुला जमतंच."

माणसं हसली. राणोजीही हसला.

त्यानंतर आठवडाभरात हेमावतीबाई दुकानात आल्या. बरोबर दोन विद्यार्थी होते. बाई बाकड्यावर बसल्या, औषधाचा फवारा तोंडात मारला, श्वास जागेवर येईतो थांबल्या. सीतालक्ष्मी नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. ती दारातच थबकली.

"ही तीच काय? केस घातलेली?" तिनं मराठीत कुजबुजून विचारलं.

"होय, तीच." राणोजीनं तिच्या हातातून डबा घेतला. "तूं जा घरीं."

"मीच ती," बाई मराठीत म्हणाल्या. "तुम्ही घरीं मराठी बोलतांत?"

राणोजीच्या हातातला डबा कलला. सीतालक्ष्मीचं तोंड उजळलं.

"अय्यो, अम्मा आपल्यांतल्याच की! कोठल्या तुम्ही?"

"बाप कुंभकोणमचा. मास्तर होता."

सीतालक्ष्मी धावत घरी गेली आणि कॉफी घेऊन आली. हात पदराला पुसत बाईंच्या समोर जमिनीवर बसली. देवानंच धाडलंय, आपल्या माणसाला आपलं माणूस सोडवील, असं काहीसं ती बोलत राहिली. बाईंनी कॉफीचे दोन घोट घेतले.

"मी कदिरवेलच्या बाजूची आहें," त्या म्हणाल्या. "तें आधीं समजून घ्या. राणोजी, तुम्ही केलांत तो गुन्हा आहे. तुम्हांला सोडवायला मी आलें नाहीं."

"मग काय म्हणून आलांत?"

"हुकूम कोणाचा होता, तें ठाण्यांत लिहिलेलें नाहीं. मी वर अर्ज केला आहे. आतां जिल्ह्याहून दुसरा अधिकारी तपासाला येईल. मॅजिस्ट्रेटपुढें उभे राहून तुम्ही सगळें सांगा. आपलें केलेलें आणि त्यांनीं केलेलें, दोन्ही."

"सांगितल्यावर मला सोडतील?"

"तसा शब्द मी देत नाहीं. देणारी असतें तर तुम्हीच माझ्यावर विश्वास ठेवला नसतांत."

सीतालक्ष्मी उठली. बाईंच्या पुढ्यातला पेला अजून अर्धा भरलेला होता. तिनं तो उचलला आणि बाहेर रस्त्यावर ओतला.

तरीही चेन्नईला जायचं तिनंच काढलं. कॉलेजात जाऊन, चारचौघांत पाया पडलं तर बाई विरघळेल असं तिच्या मनात होतं. नवरा-बायको सकाळच्या गाडीनं गेली. कॉलेजात विचारत विचारत वर्गाशी पोचली. आत बाई शिकवत होत्या. राणोजीला इंग्रजी कळत नव्हतं, पण बाई मध्येच तमिळमध्ये बोलल्या ते त्याला ऐकू आलं. "पोलिसाच्या कागदात सगळ्यात गरीब माणसाचं नाव आधी येतं. तिथं थांबलात तर तुम्ही कारकून झालात, वकील नाही." मुलं लिहून घेत होती. राणोजी दारापासून बाजूला सरला.

बाईंच्या खोलीत कदिरवेल आणि त्याचा बाप एळुमलै आधीच येऊन बसले होते. दोघं खुर्च्यांवर होते. कदिरवेलच्या ओठावर काळी खपली होती. साखरपुडा पुढं गेला होता. मुलीकडच्यांना गावात तंटा नको होता. कारखान्यातल्या ठेकेदारानंही केस मिटेस्तोवर येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. राणोजीला बसायला खुर्ची उरली नव्हती. तो कपाटाला टेकून उभा राहिला.

सीतालक्ष्मीनं खाली वाकून बाईंचे पाय धरले.

"अम्मा, घर बुडतें. वयांत आलेली पोर आहे. तुम्हांला ठाऊक आहे, आम्ही कोणाचें वाईट करणारीं माणसें नव्हें."

"उठा. उठा आधीं. अशानें कांहीं होत नसतें."

"तुमच्या पोटची मुलगी असती तर..."

"सीतालक्ष्मी, ऐका माझें. मज तुमची काळजी नाहीं असें..."

"मॅडम."

कदिरवेल उभा राहिला होता.

"तमिळमध्ये बोला," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत काय ठरतंय ते मला आणि माझ्या बापाला कळत नाही. बाहेर लोक म्हणतात, ती त्यांचीच बाई आहे, शेवटी त्यांनाच वाचवील. मी त्यांच्याशी भांडतो. आणि इथं मी मुक्यासारखा बसलोय."

एळुमलैनं मुलाचा शर्ट ओढला, खाली बस म्हणून. बाईंचा चेहरा पडला. राणोजीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. मग एळुमलैकडं वळून पुन्हा म्हणाल्या, "अय्या, चुकलं." आणि सीतालक्ष्मी काय म्हणाली, आपण काय म्हणालो, ते सगळं त्यांनी शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितलं. सीतालक्ष्मीला आपलं रडणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. तिनं पदर तोंडावर घेतला.

कदिरवेल राणोजीकडं वळला.

"माझं तोंड फुटलं त्याचं मला एवढं वाटलं नाही," तो म्हणाला. "पण मी बघत असताना तू धूत होतास. हातसुद्धा धुतलेस खुर्चीचे. का?"

"सांगितलं म्हणून."

"कोणी?"

राणोजीच्या ओठांवर नाव आलं. सीतालक्ष्मीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"हे इथं सांगून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "मॅजिस्ट्रेटपुढं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी दुसऱ्यांदा विचारायला येणार नाही."

ती दोघं चेन्नईला जाऊन आल्याचं ऊरात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळावर सीतालक्ष्मीची घागर रांगेतून उचलून मागं ठेवली गेली. ती पुढं सरकली की पुन्हा मागं. ऊन डोक्यावर येईतो ती उभी राहिली आणि तळ्याचं गढूळ पाणी घेऊन घरी आली. दुकानात दाढीला कोणी येईना. राणोजी सकाळी झाप उघडायचा, वस्तरा पट्ट्यावर ओढायचा, पुसून ठेवायचा.

मग एक दिवस पेरियवरांचं बोलावणं आलं. दाढी करायला ये.

ओसरीवर ते वेताच्या खुर्चीत मान मागं टाकून बसले होते. सेल्वम खांबाशी उभा होता. राणोजीनं कोमट पाण्यानं त्यांचे गाल भिजवले, साबण चोळला, वस्तरा उघडला. पेरियवरांना ब्लेडचं यंत्र चालत नसे.

"गुरुवारी नव्या अधिकाऱ्यानं तुला कोर्टात बोलावलंय म्हणे," ते डोळे मिटून म्हणाले.

"होय, अय्या."

"तो पोरगा दारू पिऊन आला होता. तू त्याला हटकलंस, तो पडला. बाकी बाकड्यावर कोणीच नव्हतं. असं सांगायचं."

राणोजीनं कानाखालून वस्तरा खाली ओढला. साबणाचा फेस त्याच्या बोटावर जमत होता. वस्तरा हनुवटीखाली आला. गळ्याची कातडी म्हाताऱ्या कोंबड्यासारखी सैल होती. ती त्यानं अंगठ्यानं ताणून धरली.

"तुझी मुलगी रात्रपाळीही करते ना?" पेरियवर म्हणाले. "बस हमरस्त्यावर सोडते. तिथून घरापर्यंत दिवा नाही. पोरीच्या जातीनं जपून असावं."

राणोजीचा हात थांबला. पात्याखाली शीर उडत होती, ती त्याला दिसत होती. सेल्वम खांबापासून एक पाऊल पुढं आला. पेरियवरांनी डोळे उघडले आणि राणोजीच्या डोळ्यांत पाहिलं. वस्तरा होता तिथंच होता.

राणोजीनं पातं वर ओढलं. एक ओरखडासुद्धा येऊ न देता त्यानं गळा साफ केला, दुसरा गाल साफ केला, तुरटी फिरवली, टॉवेलनं तोंड टिपलं.

"कळलं ना?" पेरियवरांनी विचारलं. त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"कळलं, अय्या."

घरी येऊन त्यानं संयुक्ताला सांगितलं, रात्रपाळी बंद कर. का ते सांगितलं नाही. पण तिनं आईकडं पाहिलं, आईनं बापाकडं, आणि तिघांनाही कळलं. त्या रात्री सीतालक्ष्मी म्हणाली, "त्यांनीं पोरीचें नांव घेतलें?"

"घेतलें."

"मग सांगा कोर्टांत." ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "सगळें सांगा. आतां राखायला काय उरलें?"

गुरुवारी पेरियवरांची गाडी त्याला न्यायला आठला येणार होती. त्याआधीच, उजाडताना, कंपनीची बस हमरस्त्यावर थांबली तेव्हा संयुक्ताबरोबर तिचे आईबापही चढले. ड्रायव्हर ओरडला. "माझी माणसं आहेत," संयुक्ता म्हणाली आणि पुढं सरकली. बसमध्ये कॉलनीतली पोरं होती, ऊरातलीही होती. राणोजी दांडी धरून उभा राहिला. कोणी जागा दिली नाही, त्यानं मागितलीही नाही.

गुम्मिडिपूंडीत कोर्टाच्या आवारात हेमावतीबाई चिंचेखाली उभ्या होत्या. कदिरवेल आणि एळुमलै थोडे लांब होते. राणोजीला पाहून बाई पुढं आल्या नाहीत. जबाबाआधी पढवलं असं कोणी म्हणायला नको म्हणून असेल. सीतालक्ष्मीला तो तुटकपणा वाटला.

मॅजिस्ट्रेट तरुण होता. त्यानं पोलिसांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही आरोपी आहात," तो म्हणाला. "इथं बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. कोणी धमकावलंय? लालूच दाखवलीय?"

"नाही, अय्या. गप्प राहावं म्हणून धमकावलं. बोलावं म्हणून कोणी नाही."

मॅजिस्ट्रेटनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "विचार करायला वेळ घ्या," असं म्हणून त्यानं त्याला शेजारच्या खोलीत बसवलं.

तिथं एक स्टूल होतं आणि गज लावलेली खिडकी. राणोजी हात मांडीवर ठेवून बसला. काही वेळानं खिडकीत सेल्वमचा चेहरा आला. तो गजांवर बोटं वाजवत राहिला. राणोजीला लघवी लागली होती. दार उघडून विचारावं असं वाटलं, पण उठलो तर बाहेरच जाऊ, हे त्याला कळत होतं. तो स्टुलाची कड धरून बसून राहिला. शिपायानं सेल्वमला हाकललं. मग हाक आली.

राणोजीनं सगळं सांगितलं. कॉलर कोणी धरली, तोंड कशावर आपटलं, बाकड्यावर कोण होतं. कॉलनीतल्यांना दुकानात घेऊ नकोस, हे पेरियवरांनी आपल्या बापाला आणि मग आपल्याला कसं सांगितलं होतं. ओसरीवर दाढी करताना काय म्हणाले. शेवटी मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "आणि तुम्ही?"

"इथं होत नाही, असं मी म्हणालो. तो पडल्यावर उचलला नाही. खुर्ची धुतली." तो थांबला. "सांगितलं म्हणून धुतली, पण एकदा नाही म्हणून बघितलं असतं तर... लिहा, अय्या. धुतली, एवढंच लिहा."

राणोजी कोर्टातून बाहेर आला तोवर गावात दुकानाचं कुलूप तोडलं गेलं होतं. आरसा फोडून खुर्ची तळ्यात टाकली होती. पुन्हा वेळ्ळिपाक्कमला राहणं झालं नाही. संयुक्ताच्या कारखान्यामागं त्यांनी एक पत्र्याची खोली घेतली. राणोजी दुसऱ्याच्या सलूनमध्ये उभ्यानं राबू लागला.

केस लांबली. पेरियवर आणि सेल्वम आरोपी झाले. तारखांवर तारखा पडल्या, साक्षीदार फिरले, एळुमलै मध्येच वारला. बाई प्रत्येक तारखेला आल्या. कधी विद्यार्थी बरोबर, कधी एकट्या, फवारा मारत जिना चढत. कदिरवेलचं लग्न दुसऱ्या मुलीशी झालं. राणोजी त्याला कोर्टात दर वेळी भेटायचा. कदिरवेल मान हलवायचा, त्यापलीकडं नाही.

निकाल लागला तो काही वर्षांनी, पावसाळ्यात. तिघंही दोषी ठरले. पेरियवरांना आणि सेल्वमला वर्षाची शिक्षा झाली. राणोजीला एक महिन्याची. कायद्यात त्याहून कमी नव्हती.

पेरियवरांच्या वकिलानं तिथंच अपिलाचा अर्ज दिला. दुपार टळायच्या आत ते आणि सेल्वम जामिनावर गाडीत बसून गेले. बाईंनीही एका वकिलाकडून राणोजीसाठी तसाच अर्ज लिहून आणला होता.

"नको," राणोजी म्हणाला. "आणखी तारखा नकोत. जाऊन येतो."

कदिरवेल जवळच उभा होता. राणोजीनं त्याच्यापुढं हात जोडले.

"हात खाली घे," कदिरवेल म्हणाला. "तू खरं बोललास. ते मी सगळ्यांना सांगतो. पण मला माफ कर म्हणू नकोस. ते माझ्याच्यानं अजून होत नाही."

"बरं," राणोजी म्हणाला.

पोलिसांनी त्याला गाडीत चढवलं. सीतालक्ष्मी गाडीमागं चार पावलं गेली आणि चिखलात उभी राहिली. संयुक्तानं तिचा दंड धरला. हेमावतीबाई छत्री घेऊन आल्या.

"बोलला तो आत गेला, हुकूम देणारा घरी गेला," सीतालक्ष्मी म्हणाली. "हाच तुमचा कायदा?"

"आज एवढाच," बाई म्हणाल्या. "अपिलात मी उभी राहीन."

"तुम्हाला ठाऊक होतं, त्यांना तुरुंग होणार."

"होतं. तरी बोलायला लावलं. परत वेळ आली तर परत लावीन."

सीतालक्ष्मीनं त्यांच्याकडं पाहिलं. पाऊस छत्रीवर वाजत होता. बाईंचा श्वास शिट्टीसारखा येत होता, आणि एक विद्यार्थी जीपचं दार उघडून त्यांची वाट बघत होता.

"आता कुठं निघालात? या पावसात?"

"उत्तुक्कोट्टैच्या पलीकडं एक गाव आहे. तिथंही सलूनचंच आहे. काल न्हाव्याला धरलंय. एकट्यालाच." बाई थांबल्या. "त्याची बायको दार उघडत नाही. दोनदा जाऊन आले."

"तुम्हाला कशी उघडेल?"

बाई जीपकडं वळल्या.

सीतालक्ष्मीनं संयुक्ताच्या हातातून आपली पिशवी घेतली. "तूं घरीं जा. भात लाव," ती मुलीला म्हणाली. मग चिखलाचे पाय जीपच्या पायरीवर खरवडून ती आत चढली आणि खिडकीशी सरकून बसली. बाई शेजारी बसल्या. जीप निघाली. सीतालक्ष्मी बाहेर बघत होती.

"तिचें नांव काय?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.